आनंदीबाईंची पत्रं आख्खी वाचू द्या

कल्याणच्या शाळेत मी मराठी शिकवते. आनंदीबाई जोशी म्हटलं की मुली घडाघडा सांगतात: जन्म १८६५, फिलाडेल्फिया, १८८६, पहिली भारतीय स्त्री डॉक्टर. पत्रांबद्दल कुणालाच ठाऊक नसतं. टपाल खात्यातल्या आपल्या नवऱ्याला, गोपाळरावांना, त्यांनी अमेरिकेतून स्पष्ट लिहिलंय, की दहाव्या वर्षी तुम्ही लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, पुढे खुर्च्या आणि पुस्तकं फेकलीत. तरी तुमचं वागणं चांगलं की वाईट, हे ठरवणं कठीण! केवढं धैर्य हे. अमेरिकेत त्यांना आसरा देणाऱ्या न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाई तर भेटीआधीच, पत्रांतून, त्यांच्या मावशी झाल्या होत्या. जयंतीला हारतुरे जरूर घाला. पण ही पत्रं नववी-दहावीच्या मुलींच्या हाती द्या. मारहाणीचा मजकूर न गाळता.