भिवंडीत राहून सिगारेटची तक्रार?

रविवारी आमच्या इमारतीची सभा झाली. पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या. घरात सात महिन्यांचं बाळ आहे, खालच्या जिन्यात सिगारेट ओढली जाते आणि धूर दाराच्या फटीतून आत येतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या मजल्यावरचे काका बसल्या जागेवरून म्हणाले, "अहो वहिनी, भिवंडीत राहून सिगारेटच्या धुराची तक्रार करता? आधी त्या सायझिंगच्या चिमणीला सांगा!" सगळे हसले. वहिनी खाली बसल्या आणि चर्चा पार्किंगवर गेली.

मी हसलो नाही, पण बोललोही नाही. त्याची रुखरुख आठवडाभर आहे, कारण चिमणीचं ते वाक्य माझंच आहे. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरात जळणाऱ्या चिंध्या आणि प्लास्टिक, अंजूरफाट्यावर इंजिन चालू ठेवून उभे राहणारे कंटेनर, लूमच्या खात्यात छातीत जाणारी कापसाची तूस, यांवर या जागी मी किती वेळा लिहिलं ते वाचकांना ठाऊक आहे. ते सगळं एका आईला गप्प बसवायला कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

सभेनंतर काकांच्या मुलाने मोबाइल दाखवला. आजच्या हवेत श्वास घेणं म्हणजे इतक्या सिगारेटी ओढणं, असा हिशेब त्यात येतो. हा हिशेब अमेरिकेतल्या बर्कली अर्थ या संस्थेच्या संशोधकांनी 2015 च्या सुमारास मांडला. हवेत पीएम 2.5 हे बारीक कण दर घनमीटरला 22 मायक्रोग्रॅम असतील, तर दिवसभरात एक सिगारेट ओढल्याइतकं नुकसान, असं ते ढोबळ गणित. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे सरकारी कागदावर जी हवा 'ठीक' ठरते, तिच्यातही बाळाच्या वाट्याला पावणेतीन सिगारेटी येतात. हवेबद्दल लोकांनी हबकून जावं म्हणून हा आकडा काढला गेला. आपल्याकडे त्याने सिगारेट हलकी वाटू लागली!

आता दुसरी तुलना सांगतो. मला ती सगळ्यांत बोलकी वाटते. उत्तर इटलीतल्या डोंगराळ भागात काही संशोधकांनी एका बंद गॅरेजमध्ये डिझेलची मोटार अर्धा तास जागेवर चालू ठेवली आणि हवेतले कण मोजले. मग गॅरेज उघडून हवा खेळवली, पुन्हा बंद केलं आणि एकामागून एक तीन सिगारेटी पेटवून तिथेच जळू दिल्या. 2004 साली निष्कर्ष छापून आले. सिगारेटींनी सोडलेले बारीक कण मोटारीच्या सुमारे दहापट भरले. मोटार चांगल्या स्थितीतली होती आणि डिझेल कमी गंधकाचं होतं, हे मी लपवणार नाही. आपल्या नाक्यावरचा काळा धूर ओकणारा टेम्पो त्या गॅरेजात उभा केला असता तर आकडे वेगळे आले असते. पण त्या प्रयोगात सगळा खेळ जागेचा आहे. रस्त्यावर धूर पांगतो, त्याला वारा आणि पाऊस मिळतो. बंद जागेत जे पेटेल ते तिथेच घुटमळतं आणि जो आत असेल त्याच्या छातीत जातं. चिमणी सिगारेटच्या लाखोपट धूर सोडते हे खरंच आहे, पण ती आकाशात सोडते. सिगारेट दाराच्या फटीपासून दहा पायऱ्यांवर जळते.

शिवाय शेजारच्याला मिळतो तो धूर ओढणाऱ्याच्या धुरासारखा नसतो. दोन झुरक्यांच्या मध्ये सिगारेटचं टोक कमी तापमानाला धुमसतं, त्या धुरात कित्येक विषारी घटक जास्त असतात, आणि फिल्टर असतो तो ओढणाऱ्याच्या ओठांकडे.

काकांच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो टाळणं बरं नाही. धूर आणि हृदयविकार यांचं नातं सरळ रेषेत वाढत नाही. थोड्या धुरानेही धोका झपाट्याने चढतो, मग चढण मंदावते. ओढणाऱ्याच्या मानाने शेजारच्याला धुराचा अगदी थोडा अंश मिळतो, तरी त्याचा हृदयविकाराचा धोका पाव पटीने किंवा त्याहून थोडा जास्त वाढतो. मग भिवंडीकर आधीच चढणीच्या वर पोचला असेल, तर जिन्यातल्या सिगारेटने आणखी किती बिघडणार? हा प्रश्न खोटा नाही. पण फुप्फुसाच्या कर्करोगाची रेषा तशी मंदावत नाही, ती मात्रेबरोबर जवळपास सरळ वर जाते. आणि बाळाला सध्या हृदयविकाराची भीती नाहीच. त्याला भीती आहे कान फुटण्याची, दम्याची, न्यूमोनियाची. त्याचे श्वास आपल्यापेक्षा किती भरभर चालतात, ते झोपलेल्या बाळाच्या पोटाकडे पाहून कुणालाही कळेल.

वहिनींच्या घरी रात्री डासांची कॉइल जळते, हेही कुणीतरी मला हळूच सांगितलं. तेही वाईटच. एक कॉइल पूर्ण जळली तर 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण सोडते असं मोजलं गेलंय. मी वहिनींना जाऊन तसं सांगितलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी आणली. कॉइलचं ऐकून त्यांनी काकांकडे बोट दाखवलं नाही.

दुसऱ्याच्या धुराकडे बोट दाखवण्याची ही रीत जुनी आहे, आणि तिच्यामागे पैसा होता. सिगारेट कंपन्यांनी वर्षानुवर्षं हेच पसरवलं की खोलीतली हवा खराब असते ती वायुवीजन नीट नसल्यामुळे आणि बाकीच्या प्रदूषणामुळे, सिगारेटला उगाच धरलं जातं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी आपल्या निकालात लिहिलं की शेजारच्याला लागणाऱ्या धुराबाबत या कंपन्यांनी लोकांना फसवलं. आपल्याकडे मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले, 2 नोव्हेंबर 2001 ला सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदीचा आदेश आला, 2003 मध्ये कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नियम कडक झाले. दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. आमच्या जिन्यात पोलीस बोलवावा असं मला मुळीच वाटत नाही.

मला जिन्याच्या जाळ्या उघडून हव्या आहेत. दर मजल्यावरच्या सिमेंटच्या जाळ्या पावसाची झड येते म्हणून कधीतरी पत्र्याने बंद केल्या, त्या पुन्हा उघडल्याच नाहीत. शहरात अशा किती इमारती आहेत! गावातला निम्मा खोकला या बंद जिन्यांतून आणि खिडकी नसलेल्या खोल्यांतून येतो असं माझं ठाम मत आहे, ते मी सोडणार नाही. लूमच्या खात्यात खिडक्या लावून घेतात, कारण ओल टिकली नाही तर तार तुटते. जिन्यात कोणती तार तुटणार आहे?

सायझिंगच्या बॉयलरवर मी लिहीत राहीनच. ती चिमणी थंड करायला प्रदूषण नियंत्रण मंडळ लागेल, महापालिका लागेल, मालकाला परवडेल असं इंधन लागेल, वर्षं लागतील. सिगारेटसाठी काकांना सतरा पायऱ्या उतरून फाटकाबाहेर जायचंय. मी त्या मोजल्या.

बुधवारी संध्याकाळी काका जिन्यात भेटले. मी विचारलं, "काका, घरात का नाही ओढत?" ते म्हणाले, "सूनबाई ओढू देत नाही. नातू लहान आहे ना."