सहायक क्रियापदांची करामत

उन्हाळा सुरू झाला की इथे अमेरिकेत आपल्या घरोघरी आई-बाबा, सासू-सासरे यायला लागतात. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला नाहीतर रेन-मार्टिनचं व्याकरण घोकलेली ही मंडळी. इंग्रजी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतील! पण डॉक्टरसमोर बसलं की गाडी अडते, आणि तीही मोठ्या शब्दांवर नव्हे, चिमुकल्या सहायक क्रियापदांवर. म्हणून या अंकात त्यांचीच थोडी उजळणी करू या.

पहिलं 'हॅड'. आपण सहज म्हणतो, 'मी काल शिकागोला गेलो होतो.' त्याचं शब्दशः 'आय हॅड गॉन' केलं की ऐकणारा 'मग पुढे काय झालं?' म्हणून वाट बघत राहतो. भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची सांगायची असेल तेव्हा 'हॅड'. एरवी साधं 'आय वेंट' पुरे. तापाचंही तसंच. 'आय हॅड अ फीवर' म्हणजे ताप येऊन गेला. तीन दिवसांपासून आहे आणि अजून उतरलेला नाही, तर 'आय हॅव हॅड अ फीवर फॉर थ्री डेज' असं सांगावं. एका 'हॅव'ने डॉक्टरांचं निदान बदलू शकतं!

दुसरं 'वुड'. जास्त नम्र वाटतं म्हणून पुष्कळ जण 'आय वुड कम टुमॉरो' म्हणतात. इंग्रजी कानाला ते 'आलो असतो, पण...' असं लागतं. यायचं नक्की असेल तर 'आय विल कम' म्हणावं. विनंती करताना मात्र 'वुड यू' किंवा 'कुड यू' खुशाल वापरा.

तिसरी जोडी सगळ्यांत फसवी. 'मस्ट' आणि 'हॅव टु' हे एरवी जुळे भाऊ, दोघांचाही अर्थ 'करायलाच हवं'. पण नकार लागला की दोघांची तोंडं दोन दिशांना! 'यू मस्ट नॉट' म्हणजे अजिबात करू नका. 'यू डोंट हॅव टु' म्हणजे नाही केलं तरी चालेल. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूटचा रस घ्यायचा नसतो. तिथे 'मस्ट नॉट'चा अर्थ 'नाही घेतला तरी चालेल' असा घेतला तर ते अंगाशी येईल.

शेवटचं, नकारार्थी प्रश्नाचं उत्तर. 'यू डोंट हॅव एनी पेन?' असं विचारल्यावर आपल्या सवयीने 'हो, नाही दुखत' म्हणायला जावं, तर तोंडून नुसतं 'येस' निघतं. ऐकणाऱ्याला वाटतं, दुखतंय! यावर सोपा उपाय म्हणजे उत्तरात क्रियापद जोडायचं. 'नो, आय डोंट' किंवा 'येस, आय डू'. मग शंकेला जागाच नाही.

आम्ही असं सुचवतो की डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर ही चार वाक्यं घरात मोठ्याने म्हणून बघावीत. नातवंडांना मास्तर करा, आजी-आजोबांनाही गंमत वाटेल! आणि तरीही अवघड वाटलं तर संकोच न करता दुभाष्या मागावा. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी ही मदत विनामूल्य द्यायची असते. दुखणं आपल्या भाषेत सांगण्यात कमीपणा कसला?