टायचं लेबल वाचा



चातुर्मासात भाजीचं पान न् पान आपण उलटून पाहतो, पण ह्यांच्या ऑफिसच्या टायचं लेबल कुणी पाहत नाही. चांगला टाय रेशमाचाच, असं दुकानदार म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोष आतल्या जिवासकट उकळतात किंवा वाफवतात. एका टायला असे साधारण १०० कोष लागतात. म्हणजे शंभर त्रस जीव. "आम्ही कुठे मारले?" हे उत्तर आपल्याकडे चालत नाही. कृत, कारित, अनुमोदना हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. (पैठणीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. तिलाही हेच लागू.)

मायक्रोफायबर पॉलिएस्टरचा टाय घ्या. चमक छान, गाठ नीट बसते, डाग पडला तर निघतो, शिवाय स्वस्त. मुलाखतीला गडद निळा किंवा मरून, फार तर बारीक ठिपके. रुंदी ७-८ सेंटीमीटर, टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत. उन्हाळ्यात सुती टायही शोभतो. लेबल नसेल तर कापडाचा एक धागा काढून जाळून बघा: रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा मणी होतो. आतलं अस्तर कधीकधी लोकरीचं असतं, तेही विचारा.

भेट आलेला रेशमी टाय मात्र परत करू नये, देणारा दुखावतो. पण पुढच्या दिवाळीआधी त्यांच्या कानावर घालून ठेवा, आमच्याकडे रेशीम चालत नाही.