तिजोरी भाड्याची, किल्ली कोणाची?

३१ जुलै २०२४ रोजी देशातील जवळपास तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयचे व एटीएमचे व्यवहार एकाएकी खोळंबले. हल्ला या बँकांवर थेट झालाच नव्हता. तो झाला होता त्यांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि स्टेट बँक यांनी मिळून उभारलेल्या या कंपनीकडे अनेक सहकारी व ग्रामीण बँकांच्या हिशेबाचे काम होते. माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचा संशय येताच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने कंपनीचा संपर्क तोडला आणि तपासणीअंती दुसऱ्या दिवशी तो पूर्ववत केला. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार हल्लेखोर शिरले ते सेवा देणाऱ्या आणखी एका कंपनीच्या सदोष मांडणीच्या सर्व्हरमधून. म्हणजे ग्राहकाने विश्वास टाकला बँकेवर, बँकेने सी-एजवर, आणि साखळी तुटली ती तिसऱ्याच कडीपाशी.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पगारदार वर्गाला ही बातमी दूरची वाटू नये. १९७० ते १९७३ या अवघ्या काही वर्षांत येथे डोंबिवली नागरी, ठाणे जनता आणि कल्याण जनता या सहकारी बँका उभ्या राहिल्या. त्यांचा २०२४च्या घटनेशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु शिक्षक व कारकून यांच्या बचतीवर वाढलेल्या सहकाराचे मूळ भांडवल म्हणजे विश्वास, आणि तो विश्वास आता खातेवहीत न राहता यंत्रात राहावयास गेला आहे. हे यंत्रही दूर नाही. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरे उभी आहेत. डोंबिवलीलगतच्या पलावा परिसरात ॲमेझॉनच्या कंपनीने २०२४ मध्ये सुमारे ३८ एकर जमीन घेतली. ज्याला क्लाउड म्हणावयाचे, तो असा आपल्याच जिल्ह्याच्या जमिनीवर उतरला आहे. दुसऱ्याच्या संगणकावर भाड्याने घेतलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ.

ही जागा असुरक्षित असते असे मुळीच नाही. चोवीस तासांचा पहारा, सांकेतिक लिपीत साठविलेली माहिती, यंत्रातील दोषांची तातडीने दुरुस्ती हे सारे मोठ्या कंपन्या ज्या प्रमाणात करतात, ते एखाद्या पतपेढीला स्वबळावर झेपणारे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलच्या यंत्रणेवर सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्यांचा मारा झाला आणि तो परतविला गेला. लहान बँकेचा सर्व्हर अशा माऱ्यापुढे क्षणभरही टिकला नसता.

तथापि या संरक्षणाला एक सीमा आहे आणि ती करारातच लिहिलेली असते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात. एक बँकेची, एक ग्राहकाची. क्लाउडमध्येही तसेच आहे. इमारत, यंत्रे आणि तटबंदी पुरवठादाराची; परंतु आत कोणाला सोडावयाचे, कोणते दार उघडे ठेवावयाचे, हे ठरविणे भाडेकरूचे काम. अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेची माहिती ॲमेझॉनच्या क्लाउडवर होती. २०१९ मध्ये सुरक्षाभिंतीच्या मांडणीतील एका चुकीमुळे दहा कोटींहून अधिक लोकांची माहिती बाहेर गेली. पुढील वर्षी तेथील नियामकाने आठ कोटी डॉलरचा दंड केला, तो ॲमेझॉनला नव्हे, बँकेला.

आपल्याकडील नियमांची दिशाही तीच आहे. बाहेरून सेवा घेतल्याने बँकेची जबाबदारी कमी होत नाही, असे रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३च्या निर्देशांत बजावले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही सुरक्षेतील कुचराईसाठी अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. मात्र रिझर्व्ह बँकेच्या त्या निर्देशांतून लहान नागरी बँका वगळल्या गेल्या. बोजा हलका व्हावा हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु पुरवठादाराशी घासाघीस करण्याची ताकद ज्यांच्यापाशी सर्वांत कमी, त्यांनाच नियमांचा आधारही कमी, असा विपरीत परिणाम त्यातून झाला.

येथे सभासदांचे कर्तव्य सुरू होते. सहकारी बँकेचा सभासद केवळ गिऱ्हाईक नसतो, तो मालक असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाच्या टक्क्यावरून खडाजंगी होते. यंत्रणेविषयी मात्र कोणी तोंड उघडीत नाही. आपली माहिती कोणाकडे आहे? त्या कंपनीने काम आणखी कोणाकडे सोपविले आहे? पुरवठादार बंद पडल्यास वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत किती तासांत चालू होईल, आणि तशी तालीम शेवटची कधी झाली? हे प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. संचालकांना त्यांची उत्तरे देता येत नसतील, तर तिजोरी कितीही भक्कम असली तरी तिची किल्ली कोणाच्या हाती आहे हे तिच्या मालकांना ठाऊक नाही, असेच म्हणावे लागेल.