गिरणा ‘वर’ वाहते, म्हणून नकाशा नको?

शिक्षकांच्या प्रशिक्षणांत मिरवणारे एक मत सध्या जळगाव-धुळ्यात जोरात आहे: लहान मुलांना नकाशा शिकवू नका. का, तर आठ वर्षांच्या मुलाला आकाशातून खाली बघण्याची कल्पना करता येत नाही. नकाशा म्हणजे अमूर्त मामला, तो सहावीत बघू. शिवाय रस्ता दाखवायला फोन आहेच. पुराव्यादाखल गिरणेचा किस्सा ठरलेला. तिसरीतल्या पोराला भिंतीवरच्या नकाशात गिरणा दाखवली की ते विचारते, “गुरुजी, पानी वर कसं चढस?” सभागृहात हशा पिकतो आणि बालमानसशास्त्र सिद्ध होते.

त्या सभागृहात एवढा एकच शहाणा प्रश्न विचारला जातो, असे माझे मत आहे. गिरणा कळवणकडच्या सह्याद्रीत उगवते, मालेगाववरून पूर्वेला येते, मग उत्तरेला वळून तापीला मिळते. पांझराही धुळे सोडल्यावर उत्तरेला वळते आणि मुडावदला तापीत जाते. भिंतीवर टांगलेल्या नकाशात उत्तर म्हणजे छत. नदी छताकडे निघालेली दिसणारच! पोराने नदीची रेघ बरोबर वाचली, पाणी उताराने जाते हे स्वतःचे ज्ञान तिला लावून पाहिले आणि विसंगती पकडली. याला नकाशावाचन म्हणायचे नाही तर कशाला? चूक आहे ती खिळ्याची. नकाशा उतरवून फरशीवर पसरा आणि त्याची उत्तर बाजू सातपुड्याकडे करा. यावल-चोपड्याकडे तर सातपुडा डोळ्यांसमोरच असतो. आता विचारा, तापी कुठे निघाली? सातपुड्याकडे तोंड करून उभे असलेले मूल डावा हात पुढे करील: तिकडे, सुरतेकडे. एका तासिकेचे काम. पण त्यासाठी नकाशावरची धूळ झटकावी लागते, मुलांबरोबर खाली मांडी घालून बसावे लागते आणि गिरणा कुठून कुठे जाते हे आधी स्वतःला माहीत असावे लागते. त्यापेक्षा मानसशास्त्राचा हवाला देणे सोपे.

बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचे नाव या वादात हमखास येते. येऊ द्या. पण ज्युडी डिलोश यांचा 1987 सालचा प्रयोगही वाचा. खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत खेळणे कुठे लपवले ते दाखवले, की तीन वर्षांची बहुतेक मुले खऱ्या खोलीत तसलेच मोठे खेळणे नेमक्या त्या जागी शोधतात. तिसरीतले पोर त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे असते.

फोनचे म्हणाल, तर तो गुणाकारही करतो. पाढे बंद केलेत का?

आणि मुलांना काय झेपेल याची ही काळजी कधीपासून? 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आली. घरी अहिराणी, शाळेत मराठी, त्यावर सहा वर्षांच्या पोराला तिसरी भाषा झेपेल का, असे आम्ही विचारत होतो. तेव्हा ‘लहानपणी ग्रहणशक्ती अफाट असते’ असे आम्हालाच सुनावले गेले. तीच ग्रहणशक्ती आपल्याच गावाचा नकाशा समोर आला की आटते! असो, तो वाद आम्ही कधीच हरलो.

मग करायचे काय? तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार आहे, दिशा आणि नकाशाचा धडा त्यात आहेच. तो घोकून घेऊ नका, चालून घ्या. आधी वर्ग पावलांनी मोजून कागदावर उतरवायचा, मग शाळा ते घर. धुळ्याला हे काम कॅप्टन ब्रिग्जने 1819 सालीच सोपे करून ठेवले आहे. त्याने वसवलेल्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत. चार नंबरपासून पाच कोणत्या अंगाला, हे तिथले पोर झोपेतही सांगेल. साक्रीकडच्या फड-सिंचनाच्या गावांत पाटकरी पाणी कोणत्या शेतापासून सोडतो हे शेतकऱ्याच्या लेकीला पाठ असते. तिला पाट आणि बांध काढायला सांगा, शिक्षकांनाच चार गोष्टी कळतील.

मुलांनी काढलेले ताडून बघायला गावाचा खरा नकाशा हवा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशाची प्रत मिळते. ती जूनमध्येच मागवा, आणि तिची फी पालकांकडून गोळा करू नका. शाळेच्या अनुदानातून भरा.