नशीब आउट की नॉट आउट?

आपल्याकडे ‘आउट’ म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. स्टंप उडाला, आउट. परीक्षेचा पेपर फुटला, तोही आउट!

त्यामुळे अमेरिकेतल्या क्लायंटच्या टीममधल्या एका बाईंचा मेल आला, ‘मॉम्स बायॉप्सी केम बॅक. वुई लक्ड आउट,’ तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. लक आउट? म्हणजे संपलंच की सगळं! दोन वर्षं रोज रात्री साडेआठच्या कॉलवर भेटणारी बाई, एकदम दिलदार. मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि वीस मिनिटं खपून सांत्वनाचा मेल लिहिला. धीर सोडू नका, आम्ही सगळे सोबत आहोत, वगैरे वगैरे. सेंड!

पाच मिनिटांत फोन. बाईंचा आवाज कापत होता. ‘रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही असंच सांगितलंय ना त्यांनी? मी काही चुकीचं ऐकलं का?’

बोंबला! जिला धीर द्यायला निघालो, तिचाच धीर घालवून बसलो.

तर मंडळी, फंडा असा आहे. अमेरिकन बोलीत ‘लक आउट’ म्हणजे नशीब फळफळणं. हा ‘आउट’ विकेटवाला नाही, ‘वर्क आउट’मधला आहे, म्हणजे गोष्ट जमून येणं. नशीब रुसलं तर म्हणायचं ‘आउट ऑफ लक’. शब्द तेच, पण जागा बदलली की अर्थ उलटा! गंमत म्हणजे इंग्रजीतच वाढलेले काही जणही ‘लक्ड आउट’चा अर्थ ‘नशीब संपलं’ असा घेतात. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात एक, वाचणाऱ्याच्या मनात भलतंच.

म्हणून मी स्वतःपुरते तीन नियम केलेत. एक, हा शब्द मित्रांच्या चॅटवर ठेवायचा. ऑफिसच्या रिपोर्टात सरळ ‘वुई वेअर फॉर्च्युनेट’ लिहायचं. दोन, वापरलाच तर चांगली बातमी त्याच वाक्यात सांगून टाकायची: ‘वुई लक्ड आउट, द टेस्ट्स आर क्लिअर.’ गैरसमजाला जागाच नको. तीन, टीमनं तीन रात्री जागून रिलीज वेळेवर दिला असेल, तर तिथे हा शब्द अजिबात नको. त्यांच्या घामाचं क्रेडिट फुकटात नशिबाला कशाला द्यायचं?

बाईंची मी मनापासून माफी मागितली. मग क्रिकेटमधला ‘आउट’ समजावून सांगितला, तेव्हा कुठे फोनवर हसू ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा एका ओळीचा मेल: ‘मॉम इज नॉट आउट.’

या वेळी अर्थ बरोब्बर कळला, बॉस.