पोरांना आधी पहाट पाहू द्या

बोदवडच्या पालकांना आणि चित्रकलेच्या शिक्षकांना एक कळकळीची विनंती आहे. एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी सुरू झाली की वहीवहीत एकच निसर्गचित्र उमटतं: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, नदीत शिडाची नाव. यातल्या बहुतेक मुलांनी शिडाची नाव कधी डोळ्यांनी पाहिलेली नसते. ते चित्र पाढ्यासारखं पाठ केलेलं असतं.

याउलट, चित्रकार क्लोद मोनेने 1872 मध्ये फ्रान्सच्या ल आव्र बंदरातली सकाळ रंगवली. बंदर त्याच्या लहानपणापासून ओळखीचं. चित्र जेमतेम 48 बाय 63 सेंटिमीटरचं. निळसर धुक्यात छोट्या होड्या, होडीतली माणसं म्हणजे नुसते काळपट फटकारे, मागे पुसट डोलकाठ्या आणि धुराडी. नारिंगी सूर्य, आणि पाण्यात त्याचे तुटक पट्टे. 1874 च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात हे चित्र लागलं, तेव्हा लुई लरॉय या समीक्षकाने त्याची टर उडवली. चित्र अर्धवट आहे, हा त्याचा मुख्य आक्षेप.

मोबाइलवर हे चित्र उघडा आणि कृष्णधवल करून पाहा. सूर्य जवळपास गायब होतो! सूर्य आणि भोवतालचं आकाश यांचा उजळपणा मोनेने जवळजवळ सारखा ठेवला आहे. वेगळा आहे तो फक्त रंग. हे घोकून येत नाही. त्याला पाहणारा डोळा लागतो.

नावच काढायची असेल तर मुलांना जामनेर-पहूरमार्गे अजिंठ्याला न्या. दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे, त्यावर ओळीने ठेवलेले रांजणसुद्धा दिसतात. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगराच्या पोटात, कुणीतरी ते इतक्या बारकाईने रंगवलं.

एरवी आपल्या गावात काय कमी आहे? थंडीतली धुई आहे, स्टेशनचे दिवे आहेत, कापूस भरून जिनिंगकडे निघालेले ट्रॅक्टर आहेत. सूर्य उगवायच्या आत मुलाला सोबत घेऊन बाहेर बसा. पट्टी आणि खोडरबर घरीच राहू द्या. उजेड बदलायच्या आत रंग लावायला सांगा. कागद विस्कटलेला दिसला तरी ‘अपूर्ण’ असा शेरा मारू नका. कुठे कोणता रंग दिसला, एवढंच विचारा. येत्या दिवाळीच्या सुटीत एक तरी सकाळ यासाठी काढा.